सावित्री: नाव कुणाचे, टोमणा कुणाला?

‘मोठी सती सावित्री लागून गेलीस!’ हा टोमणा मराठी घरांत चांगलाच रुळला आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी आणि तथाकथित पुरोगामी व्यासपीठांनी तर सावित्री म्हणजे निमूट सोसणारी बाई, हे समीकरण पक्केच करून टाकले. हे करणाऱ्यांनी महाभारताचे वनपर्व कधी उघडून तरी पाहिले आहे काय?

मुळात हे नाव सवितृ या देवतेवरून आले. सवितृ म्हणजे प्रेरणा देणारा. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातील विश्वामित्रांच्या ज्या ऋचेला छंदावरून गायत्री म्हणतात, तिचेच देवतेवरून पडलेले नाव सावित्री. वेळेत उपनयन न झालेल्याला धर्मशास्त्र ‘पतितसावित्रीक’ म्हणते. विद्येचा उंबरठाच ज्या नावाने ओळखला जातो, ते मद्रराज अश्वपतीने आपल्या कन्येला ठेवले. ही कन्या रथात बसून स्वतःच वर शोधावयास निघते. सत्यवानाचे आयुष्य वर्षभराचेच, असे साक्षात नारद सांगतात, पिता दुसरा वर निवडण्यास सुचवितो. तरी ती निर्णय बदलत नाही. यम पतीचे प्राण घेऊन निघाल्यावर ती आक्रोश करीत बसत नाही, धर्मचर्चा करीत त्याच्या मागोमाग चालते. सासऱ्याची दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, पित्याला शंभर पुत्र, असे एकेक पदरात पाडून घेते आणि मग सत्यवानापासून शंभर पुत्र मागून प्रत्यक्ष यमालाच शब्दांत पकडते. ‘सती’ म्हणताच ज्यांना चिता आठवते, त्यांनी ध्यानी घ्यावे की ही सावित्री पतीमागे मेली नाही, त्याला परत घेऊन आली!

दोष विरोधकांचाच आहे, असेही नाही. सात जन्मांचे मागणे त्या आख्यानात कोठेही नाही. तरी वटपौर्णिमेला आपण तेवढेच लक्षात ठेवले. (पूजेसाठी वडाच्याच फांद्या तोडून बाजारात विकायच्या, हा तर आणखी निराळा प्रकार!)

१८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवावयास उभ्या राहिलेल्या आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करताना देह ठेवलेल्या सावित्रीबाई फुले यांचे हेच नाव. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या एका युवतीने विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह केला, तेव्हा तिनेही हेच नाव धारण केले. परमवीर चक्राची आकृती सिद्ध केली ती या सावित्रीबाई खानोलकरांनी. दधीचीच्या अस्थींपासून घडलेल्या इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आजही त्या पदकावर आहेत.