किशोरांच्या भयकथा : आक्षेप आणि उत्तर

बारा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी एका मालिकेत क्रमाने निघणाऱ्या भीतिदायक कादंबऱ्या आणि त्यांवर बेतलेले चित्रपट यांच्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात : त्यांनी अंधश्रद्धा बळावते आणि कोवळे मन घाबरट होते. दोन्ही आक्षेप मुलांविषयीच्या काळजीतून येतात, म्हणून ते गांभीर्याने तपासले पाहिजेत. परंतु तपासाअंती ते टिकत नाहीत.

पहिला आक्षेप कथा आणि श्रद्धा यांतील भेद पुसतो. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अमानुष व अघोरी प्रथांना आणि त्यांतून होणाऱ्या फसवणुकीला आळा घालतो. कल्पित गोष्ट हा त्याचा विषय नाही. भोंदू बाबा आपले म्हणणे सत्य म्हणून विकतो, तर भयकथाकार ते कल्पित म्हणूनच वाचकापुढे ठेवतो. मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या काही कथांत दैवी शक्ती खरीच मानलेली असते, हे मान्य करावे लागते. मात्र त्यावर उपाय म्हणजे मुलांशी त्या पुस्तकांची चर्चा करणे, पुस्तके कपाटात बंद करणे नव्हे.

दुसरा आक्षेप असे गृहीत धरतो की पुस्तक मिटले की मुलाच्या जगातील भीतीही संपते. वऱ्हाडातील पांढरकवडा वनविभागात तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार ठरवलेली अवनी वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी मारली जाईपर्यंत शेतात जाणाऱ्या कुटुंबांनी जे भय सोसले, ते कोणत्याही कादंबरीने निर्माण केलेले नव्हते. अशा परिसरातील किशोराला भय नवे नसते. भयाला आरंभ, मध्य आणि शेवट देणारी रचना मात्र त्याला क्वचितच मिळते, आणि ती देणे हेच भयकथेचे कार्य आहे.

2018 च्याच 12 ऑक्टोबरला भयाला अशी रचना देणारा, राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. धारपांच्या 'आजी' या कथेची प्रेरणा त्यामागे होती आणि त्या कथेचे बीज स्टीफन किंग यांच्या कथेत होते. चित्रपटाने मात्र ते महाराष्ट्राच्या मातीत रुजवून लोभालाच राक्षसाचे रूप दिले. शेवटी बापाने पुढे केलेले सोने नाकारतो तो त्याचा लहान मुलगा पांडुरंग. नैतिक निर्णय मुलाच्या हाती देणाऱ्या या चित्रपटाला केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असल्याने पांडुरंगाच्या वयाचे प्रेक्षक चित्रपटगृहाबाहेर राहिले. हीच विसंगती अमेरिकेतही दिसते : आर. एल. स्टाइन यांच्या 1989 पासूनच्या 'फिअर स्ट्रीट' मालिकेचे वाचक किशोर होते, तरी तिच्यावरील 2021 चे तिन्ही चित्रपट रक्तपातामुळे मोठ्यांच्या वर्गात गेले. उलट स्टाइन यांच्याच 'गूजबम्प्स'वरील 2015 च्या चित्रपटाने मूळ वाचकाचे वय जपले.

म्हणून खरी अडचण भयाचा अतिरेक ही नसून किशोरांच्या वयाला साजेशा भयकथांची उणीव ही आहे. रत्नाकर मतकरी यांनी 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण मुलांसमोर रंगभूमीवर उभी केली आणि मोठ्यांसाठी गूढकथाही लिहिल्या. या दोन टोकांमधील वय मराठी भयसाहित्याने पुरेसे ओळखलेले नाही. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'वर 2017 मध्ये चित्रपट निघू शकतो, तर वऱ्हाडातील जंगल, कापसाची शेते आणि ओसाड वाडे यांवर किशोरांसाठी भयकथामालिका व तिचे चित्रपटही निघू शकतात. प्रकाशकांनी ती लिहवून घ्यावी, दिग्दर्शकांनी तिच्या वाचकाचे वय राखावे आणि शाळांच्या ग्रंथालयांनी तिला संकोच न बाळगता जागा द्यावी.