जगण्याचा हक्क नोटिशीपुरताच?

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल दिला. माणसाचे उपजीविकेचे साधन काढून घेणे म्हणजे त्याचे जगणेच काढून घेणे होय आणि म्हणून घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, असे सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्यात स्पष्ट केले. तेव्हापासून कायद्याच्या अभ्यासक्रमात आणि मानवी हक्कांच्या परिसंवादांत या निकालाचा गौरव होत आला आहे. गौरव अस्थानी नाही. परंतु ज्यांच्या याचिकांमधून हा हक्क जन्मला, त्यांच्या पदरात काय पडले, हा प्रश्न गौरव करणारे सहसा विचारीत नाहीत. तो प्रश्न उपनगरांतील कष्टकऱ्यांत वावरणाऱ्या कार्यकर्त्याने विचारलाच पाहिजे.

१३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना मुंबईबाहेर, त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. त्या तडाख्यात पार्ल्याची कामराजनगर वस्तीही सापडली. पश्चिम द्रुतगती महामार्गालगतची ही पाचशेहून अधिक झोपड्यांची वस्ती १९६०-६१ च्या सुमारास उभी राहिली होती. महामार्गाच्या कडेने पाण्याचे नळ टाकणाऱ्या कंपनीचे मजूर तिचे मूळ रहिवासी होते, असे याचिकेत नमूद होते. शहराला पाणी पोचविणाऱ्या हातांना शहराने घर दिले नाही. त्यांनी ते स्वतः उभारले आणि वीस वर्षांनी ते बेकायदेशीर ठरले. १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्यांना हात लावणार नाही, असे २१ जुलै रोजी उच्च न्यायालयात मान्य करण्यात आले. असे असतानाही दोनच दिवसांनी, भर पावसात, माणसांना राज्य परिवहनाच्या गाड्यांत कोंबून शहराबाहेर नेण्यात आले, त्या प्रवासात दोन अर्भके जन्मली आणि दोन जीव दगावले, असा याचिकाकर्त्यांचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने तो आपल्या निकालपत्रात नोंदविला आहे.

आता निकालाचा उत्तरार्ध पाहावा. १८८८ च्या महापालिका अधिनियमाचे कलम ३१४ आयुक्तांना पदपथावरील अतिक्रमण नोटीस न देता हटविण्याचा अधिकार देते. न्यायालयाने हे कलम रद्द केले नाही. नोटीस न देण्याची मुभा हा अपवाद आहे आणि सामान्यतः बाधित व्यक्तीचे म्हणणे ऐकूनच कारवाई झाली पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला. म्हणणे ऐकून काही निष्पन्न होणार नाही, हा महापालिकेचा उद्दाम युक्तिवादही फेटाळला. येथवर न्यायतत्त्वाचा विजय झाला. परंतु पुढच्याच पायरीवर न्यायालय म्हणते की, या याचिकाकर्त्यांना आयुक्तांनी ऐकून घ्यायला हवे होते, तरी त्यांचे म्हणणे आता खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच ऐकले असल्यामुळे पुन्हा सुनावणीची गरज उरलेली नाही! ज्यांनी सुनावणीचा हक्क मिळवून दिला, त्यांना तेवढी सुनावणी मिळाली नाही. कामराजनगरची मुले महामार्गावर येतात आणि वाहतुकीस धोका निर्माण होतो, ही महापालिका आयुक्तांच्या प्रतिज्ञापत्रातील सबब ग्राह्य धरून त्या वस्तीलाही रस्त्यावरील इतर झोपड्यांचेच माप लावण्यात आले. मूल गाडीखाली येऊ नये म्हणून कुंपण घालावे, हा विचार ना प्रतिज्ञापत्रात सुचला, ना निकालपत्रात.

सर्वांत महत्त्वाचे शब्द याच्याही पुढे आहेत. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या पदपथवासीयांना मालवणी येथे अथवा अन्यत्र पर्यायी जागा द्यावी, असा आदेश न्यायालयाने दिला. मात्र अशी जागा देणे ही त्यांना हटविण्याची पूर्वअट असणार नाही, असेही त्याच वाक्यात बजावले. पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही हटवू नये, ही सवलत मिळाली. म्हणजे जगण्याचा हक्क घटनादत्त, आणि छप्पर मात्र सरकारच्या सवडीने! हक्क आणि त्याचा उपाय यांच्यामध्ये पाडलेली ही फट पुढील चार दशके बुलडोझर जाण्याइतकी रुंद होत गेली आहे.

बोरीवलीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणांविरुद्ध पर्यावरणवाद्यांनी १९९५ मध्ये केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयाने मे १९९७ मध्ये आदेश दिला. १९९५ च्या मतदार यादीत नाव असलेल्यांनी सात हजार रुपये भरल्यास त्यांना उद्यानाबाहेर जागा मिळेल, इतरांच्या झोपड्या हटविल्या जातील, असे त्याचे सूत्र होते. जंगल राखले पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु एरवी घरे वाटणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असे सांगितले जाते. तेच न्यायालय पात्रतेची तारीख आणि भरावयाची रक्कम मात्र ठरवू शकते! न्यायालयीन संयम म्हणतात तो एकाच दिशेने का वाहतो, याचे उत्तर विधिपंडितांनी द्यावे. २००० साली अल्मित्रा पटेल प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने अतिक्रमण करणाऱ्याला मोफत पर्यायी जागा देण्याची तुलना पाकीटमाराला बक्षीस देण्याशी केली. पंधरा वर्षांपूर्वी ज्याच्या असहायतेची न्यायालयाने कदर केली होती, तो आता पाकीटमार ठरला. घटनेत मधल्या काळात एका अक्षराचाही असा बदल झाला नव्हता. बदलले होते ते अर्थकारण आणि त्याबरोबर उच्चभ्रूंची दृष्टी.

याच्या शेजारी वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीचे प्रकरण ठेवावे. मंजूर आराखड्याबाहेर चढविलेले मजले बेकायदेशीर ठरले, पाडण्याची वेळ आली, आणि १३ नोव्हेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांचा आक्रोश पाहून स्वतःहून कारवाईस स्थगिती दिली. त्या रहिवाशांना रस्त्यावर काढावे, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न एवढाच, की न्यायालयाच्या कानांपर्यंत पोचायला आक्रोश कोणत्या मजल्यावरून व्हावा लागतो?

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई आणि न्यायमूर्ती विश्वनाथन यांनी बुलडोझरशाहीविरुद्ध दिलेला निकाल स्वागतार्ह आहे. पंधरा दिवसांची नोटीस, वैयक्तिक सुनावणी, दोषी अधिकाऱ्यांची जबाबदारी ही त्याची कलमे मोलाची आहेत. परंतु रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण लागू नाही, असा अपवादही त्यातच आहे. घाटकोपर, अंधेरी, मुलुंड येथील सर्वांत गरीब माणूस नेमका याच जागांवर राहतो, कारण अन्यत्र त्याला कोणी उभे करीत नाही. १९८५ साली पदपथवासीयाला निदान नोटीस मिळाली होती. या नव्या ढालीत त्याला जागा नाही.

जमिनीच्या प्रश्नाचीही तीच कथा. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, मुंबईतील घरमालकांच्या संघटनेच्या प्रकरणात, सर्वच खाजगी मालमत्ता कलम ३९ (ब) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा बहुमताने निर्णय दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांची भूमिका विशिष्ट आर्थिक विचारसरणीला बांधलेली होती, अशी टीकाही त्या निकालात झाली. न्यायमूर्ती धुलिया यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. खाजगी मालकीकडे झुकणे ही जणू विचारसरणीच नव्हे!

तथापि, या साऱ्यातून ‘न्यायालय भांडवलदारांचे, तेथे जाण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढणारे डावे मित्रही चुकतात. नागरी कमाल जमीनधारणा कायदा १९७६ चा. त्याचा मुख्य भाग सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. त्याच कायद्याच्या आधाराने मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगाव-दिंडोशी भागात हजारो कुटुंबांना घरे मिळवून दिली. तो कायदा न्यायालयाने मारला नाही. २००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानेच तो गुंडाळला. न्यायालयावर बोट ठेवणाऱ्यांनी ही उरलेली चार बोटेही पाहावीत.

आणखी एक इतिहास विसरता येत नाही. एप्रिल १९७६ मध्ये, आणीबाणीत, जबलपूर खटल्यात जीविताच्या हक्कासाठीही न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे म्हणणाऱ्या बहुमतात याच यशवंतराव चंद्रचूडांचा समावेश होता. त्या लेखणीने नऊ वर्षांनी उपजीविकेचा हक्क लिहिला. मधल्या काळात १९७७ चा लोकनिर्णय झाला होता. घटनेचा अर्थ न्यायमूर्ती लावतात खरे, परंतु कोणता अर्थ लावण्याचे धैर्य त्यांना होईल, हे बऱ्याच अंशी रस्त्यावरची जनता ठरविते.

म्हणून मागणी एका वाक्यात मांडता येईल अशी हवी: आधी घर, मग हटाव. पर्यायी निवारा ही हटविण्याची पूर्वअट आहे, असे कायद्यात लिहून घेणे हे विधिमंडळाचे काम आणि ते करवून घेणे हे चळवळीचे काम. तोवर प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी मतदार यादीतील नोंदी, शिधापत्रिका, वीजबिले यांची जुळणी करून ठेवावी. नोटीस आली तर लेखी हरकत घेऊन सुनावणी मागावी आणि सुनावणीला एकटा माणूस नव्हे, सबंध वस्ती जाईल असे पाहावे. कामराजनगरच्या रहिवाशांनी देशाला एक हक्क मिळवून दिला आणि स्वतः रिकाम्या हाताने परतले. त्यांचे देणे फेडावयाचे असेल, तर त्या हक्कावर छप्पर चढविल्याशिवाय गत्यंतर नाही.