नळीतलं मीठ

"थ्री नॉट थ्री म्हणजे भंगार. शंभर यार्डांवर बैल उभा केला तरी गोळी लागायची नाही." खामगावातल्या एका कार्यक्रमात एका वजनदार गृहस्थांनी हे वाक्य उच्चारलं आणि सभागृहानं टाळ्या दिल्या. टाळ्यांनी बळ आलं म्हणून ते आणखी पुढे गेले. असली रायफल पोरांच्या हातात देणं म्हणजे त्यांना पहिल्याच दिवशी नाउमेद करणं. बंदूक साफ करायची म्हणजे रॉकेलनं पुसायची आणि तेलाचा बोळा फिरवायचा. चिंद्या, दोऱ्या, गरम पाणी हे सगळं इंग्रजांनी मागे ठेवलेलं कर्मकांड. लोखंडात पाणी ओतणारा माणूस शहाणा कसा म्हणायचा? शेवटी 2008 च्या मुंबई हल्ल्याचा दाखला आला, आणि "मी तीन वर्षं ती खांद्यावर वाहिली आहे, मला सांगू नका" असा शिक्का मारून ते खाली बसले.

मी मागच्या रांगेत होतो. वीसेक वर्षं घाटाखालच्या एका कॉलेजात एनसीसीची पोरं सांभाळली, त्यांच्या हातांना लागलेलं रायफलचं तेल पाहिलं. तिथं उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. लष्करातून उतरलेली रायफल आपल्या देशात कुणाला दुकानातून विकत घेता येत नाही. .303 आणि 7.62 हे प्रतिबंधित बोअर. रानडुकरं आणि रोही पीक उद्ध्वस्त करतात म्हणून शेतकऱ्याला परवाना मिळालाच, तर तो .315 किंवा बारा बोअरवर. तेव्हा आपल्याकडे माणसाची 'पहिली लष्करी रायफल' म्हणजे एनसीसीच्या छावणीत, पोलिसात किंवा होमगार्डमध्ये हातात आलेली जुनी रायफल. एकोणिसाव्या वर्षी जालना रोडवरचं खेडं सोडून आलेल्या पोराच्या हातात ती पहिल्यांदा येते, तेव्हा तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्याला कुणी तरी खरं सांगायला हवं.

'खांद्यावर वाहिली' हा त्यांचा सर्वात मोठा पुरावा, म्हणून तो आधी घेतो. परेडला खांद्यावर असते ती बहुधा डीपी, म्हणजे नुसत्या कवायतीची रायफल. कुठे नळीला भोक पाडलेलं असतं, कुठे फायरिंग पिनचं टोक कापलेलं असतं. त्या रायफलीतून गोळी उडवायचीच नसते. तिच्या जोरावर नेमाबद्दल निकाल देणं म्हणजे पोळ्याच्या मातीच्या बैलाला औताला जुंपून बैलाची जात नालायक ठरवणं.

आता नेम. या रायफलीचा मार्क थ्री नमुना 1907 चा. ईशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्याआधीही बनली आणि नंतरही. नंतरच्यांवर मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले. नळीत पाच खाचा, डावीकडे वळत जाणाऱ्या, दर दहा इंचांना एक पूर्ण वेढा. गोळी 174 ग्रेनची, वेग सेकंदाला साधारण 2440 फूट. नीट राखलेली अशी रायफल शंभर यार्डांवर पाच गोळ्या तीन ते चार इंचांच्या घोळक्यात टाकते. घोळका मोठा आहे म्हणून ती खराब ठरत नाही. ती घडली आहे चिखलात, पावसात, धुळीत शेकडो हातांनी चालवायला, रुपयाचं नाणं भेदायला नव्हे. जो पहिल्या दिवशी नाण्याची अपेक्षा ठेवतो, तोच दुसऱ्या दिवशी बैलही लागत नाही म्हणतो.

आणखी एक. या रायफलीची मागची साइट 200 यार्डांपासून सुरू होते. शंभरावर नेम धरला की गोळ्या वर लागतात. पोरगं म्हणतं, "सर, बंदूक वाकडी आहे." बंदूक सरळच असते, तिच्या पट्टीवर शंभराचा आकडाच कोरलेला नाही. हे त्या गृहस्थांना ठाऊक असतं तर त्यांचं निम्मं भाषण वाचलं असतं.

इथे एक जुना वाद आठवतो. आमच्या स्टाफरूममध्ये एक सहकारी होते. त्यांचा हट्ट असा की, फायरिंगच्या दिवशी 'बुल', म्हणजे मधल्या काळ्यात लागलेल्या गोळ्या, मोजायच्या, ज्याच्या जास्त तो पहिला. माझा हट्ट की, आधी घोळका मोजायचा. पाच गोळ्या डावीकडे खाली का होईना पण मुठीएवढ्या जागेत गेल्या, तर ते पोरगं नेमबाज आहे. साइट सरकवणं हे नंतरचं काम. दोन गोळ्या काळ्यात आणि तीन टार्गेटच्या बाहेर, तर ते नशीब. हा वाद चहाच्या कपांवरून दहा वर्षं चालला. डावखुऱ्या पोरांना बोल्ट उजव्या हातानं ओढता येत नाही म्हणून त्यांना वगळा, असंही त्यांचं म्हणणं होतं. मी एकालाही वगळलं नाही, आणि आजही वगळणार नाही.

पण मला खरा राग आला तो साफसफाईवरच्या वाक्याचा. कारण रायफल म्हातारी होऊन नेम सोडत नाही. बहुतेक वेळा तिला साफ न करून किंवा चुकीचं साफ करून मारलेलं असतं. आणि साधं रसायन माहीत नसताना भर सभेत पोरांना 'तेलाचा बोळा पुरे' म्हणून सांगणं म्हणजे पुढच्या पन्नास रायफली खराब करण्याची सोय करून ठेवणं.

जुन्या लष्करी काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ठिणगी पडली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं. म्हणजे मीठच, आपल्या जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीच्या खाचांमध्ये बसतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. हे मीठ तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्येही विरघळत नाही. ते विरघळतं फक्त पाण्यात. तेलाचा बोळा फिरवला की मीठ जिथल्या तिथे राहतं आणि वर चकाकी येते. पाहणाऱ्याला वाटतं, झाली साफ. आत गंज आपलं काम चालू ठेवतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागावं, याचं मला वाईट वाटतं. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आपल्याच जिल्ह्यात आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा इथल्या शेतकऱ्याला विचारा, जमिनीत मीठ उतरलं की काय होतं. शेणखताचा थर पसरून ते जात नाही. त्याला गोडं पाणी लागतं, निचरा लागतो. ज्या माणसाच्या गावात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यानं नळीतल्या मिठावर तेल चोपडायला सांगावं?

म्हणून उकळतं पाणी. बोल्ट काढायचा, चेंबरमध्ये नरसाळं लावायचं, आणि दोनेक तांबे उकळतं पाणी मागच्या बाजूनं सोडायचं, लाकडाखाली शिरू न देता. उकळतंच का? कारण नळी तापते आणि तिची तीच कोरडी होते. कोमट पाणी मात्र आत ओल सोडून जातं. आणि संग्रामपूर-जळगावकडच्या पोरांनी हे पाणी बोअरवेलचं घेऊ नये, पिण्याच्या कॅनमधलं घ्यावं. मीठ धुवायला खारं पाणी वापरणारा पोरगा मी डोळ्यांनी पाहिला आहे. बिचाऱ्यानं सांगितलं तसं केलं होतं. पाणी कुठलं घ्यायचं, ते सांगणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

मग फुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी. तिला चार बाय दोन इंचांची फ्लॅनेलची चिंदी अडकवायची, मागून पुढे ओढायची, एका दमात. दोरी सरळ ओढायची, कारण ती तिरकी गेली की नळीच्या तोंडाला घासते. हजारो वेळा घासून दोरी पोलादाला खाचा पाडते, आणि गोळी शेवटचा निरोप घेते ती नेमकी त्याच तोंडाशी. कित्येक रायफलींचा नेम गोळ्यांनी गेलेला नाही, आळसानं तिरक्या ओढलेल्या दोरीनं गेला आहे. नळी कोरडी झाली की चार बाय दीड इंचाची तेलाची चिंदी; तेल एवढंच की बोटाला लागावं, ओघळू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा, कारण नळीला घाम फुटतो. पुढच्या फायरिंगआधी मात्र ती कोरडी पुसायची, नाहीतर पहिली गोळी घोळका सोडून भलतीकडेच जाते आणि दोष पोरावर येतो. आणि दहा पोरं एकत्र साफ करायला बसली की बोल्टची अदलाबदल होऊ द्यायची नाही. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीवरचा नंबर एकच हवा. हा जीविताचा प्रश्न आहे, शिस्तीचा नव्हे.

एका पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारी फायरिंग, तिसऱ्या फेरीला पाऊस कोसळला. घाईघाईनं तेल फिरवून रायफली कोतात गेल्या. शस्त्रं ठेवायच्या खोलीला आम्ही कोत म्हणतो. मी म्हटलं, सोमवारी बघू. चूक माझी. सोमवारी बोल्ट काढून चेंबरशी पांढरा कागद धरला आणि पुढून डोळा लावला. एरवी आरशासारखी दिसणारी नळी मधोमध मळकी दिसत होती. चिंदी ओढली ती काथासारखी तांबडी होऊन बाहेर आली. दुसरी तशीच, सातवी फिकट, बारावी पांढरी. सगळ्या रायफलींवर तेल चमकत होतं, एकीवरही तेलाची कमतरता नव्हती. त्यातली एक पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. चार इंचांचा घोळका सातावर गेला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी तो बोळा फिरवणारा हात माझा होता, म्हणून त्या गृहस्थांचं वाक्य मला लागलं.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देत नाही. 2008 मध्ये मुंबईत पोलिस ज्या हत्यारांनिशी उभे राहिले, त्यांतली गोळीगणिक बोल्ट ओढायची रायफल स्वयंचलित हत्यारांसमोर अपुरी होती, हे शंभर टक्के मान्य. पोलिसांच्या हातून ती जावी, हेही मान्य. उत्तर प्रदेश पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताक दिनी तिला निरोप दिला, ते योग्यच केलं. पण हा गोळ्या किती वेगानं सुटतात याचा प्रश्न आहे, कुठे लागतात याचा नव्हे. खऱ्या रायफलीऐवजी सिम्युलेटरवर शिकवा म्हणाल, तर त्यावर गंज चढत नाही, म्हणून गंज काढायला शिकवताही येत नाही. टाळ्यांमध्येच कुणी तरी खोबरेल तेल सुचवलं, पण घाटावरच्या थंडीत ते गोठतं आणि बोल्ट सकाळी हलत नाही. जवसाचं कच्चं तेल मात्र जरूर वापरा, लाकडाला. आपल्याकडच्या उन्हानं दस्ता सुकतो, आकसतो, पुढचा स्क्रू सैल पडतो आणि घोळका पसरतो. तो स्क्रू पोरांनी स्वतः आवळायचा नाही, आर्मररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवायचा.

माझं म्हणणं थोडं आहे. शिकवायला जुनी रायफल ठेवा, पण आर्मररनं तपासलेली. गोळी उडवण्याआधी पोराला सांगा: शंभर यार्डांवर चार इंच आले तर शाबास, सहा आले तर आधी श्वास आणि ट्रिगर बघ, दहा आले तर रायफल मला दाखव. मिलिमीटरची भाषा नंतर, .22 वर 25 मीटरला. आणि प्रत्येक रायफलीची एक वही ठेवा. नंबर, तारीख, किती गोळ्या, घोळका किती, पाणी सोडलं का, कुणी साफ केली. आमच्या कोतातल्या वहीत त्या सोमवारनंतर आणखी एक रकाना आला. फायरिंगनंतर तिसऱ्या दिवशीची चिंदी त्या पानाला टाचणीनं लावायची, साफ करणाऱ्याच्या सहीशेजारी. पांढरी असेल तर पान उलटायचं, तांबूस असेल तर पुन्हा पाणी तापवायला ठेवायचं.