खाडीत सोडलेलं अर्थिंग

डिसेंबर उजाडला की माझ्या पुतण्याला पुण्याहून फोन सुरू होतात. मासे ताजे मिळतील का, हा प्रश्न दुसरा. पहिला असतो, ‘बाथरूमला गरम पाणी आहे ना?’ पुतण्याची कर्लीच्या खाडीत दोन खोल्यांची फायबरची बोट आहे. पर्यटक रात्री बोटीवर राहतात, सकाळी दशावतारी थाटात चहा घेतात आणि अंघोळीला गरम पाणी मागतात. मागणारच. पहाटे खाडीवर धुकं असतं आणि वारा अंगाला झोंबतो. म्हणून गेल्या हंगामात त्याने मालवणच्या बाजारातून दोन गिझर आणले, घरी बसवतात तसे भिंतीवर टांगले आणि मला म्हणाला, “काका, एकदा येवन बघ.”

मी बोटींवरच आयुष्य काढलं. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो. त्यामुळे बघ म्हटलं की मी पाइपाची चकाकी बघत नाही, वायर कुठून निघते आणि कुठे संपते ते बघतो. गिझरची हिरवी वायर बाथरूमच्या भिंतीतून बाहेर येत होती, कठड्यावरून खाली जात होती आणि एका तांब्याच्या सळीला गुंडाळून सळी सरळ पाण्यात सोडली होती. भरतीच्या पाण्याबरोबर ती बोटीच्या अंगावर टकटक वाजत होती.

“हे काय?”

“अर्थिंग पाण्यात सोडलंय मा! ह्याच्यापेक्षा मोठी जमीन खंयची?”

त्याचं एकट्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरच्या वायरमनने जन्मभर परसात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलेलं असतं. त्याला बोट दिली, तर तो खड्डा शोधणार आणि खड्डा नाही म्हणून खाडी वापरणार. पण घराच्या अर्थिंगचं काम एकट्या जमिनीने होत नाही. वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलही जमिनीला जोडलेला असतो, म्हणून गिझरच्या पत्र्यावर फेज आला तर करंटला परतीची वाट मिळते आणि आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, आपल्याकडे अजून सगळे ईएलसीबीच म्हणतात) खाली पडतो. बोट धक्क्यापासून सुटली, इन्व्हर्टरवर आली, की तो ट्रान्सफॉर्मर मागे राहतो. इन्व्हर्टरच्या दोन्ही वायरी हवेत. सळी पाण्यात असो की नसो, करंटला परत जायला रस्ताच नाही.

पुतण्याने आरसीसीबी बसवला होता, तोही 30 मिलिअँपिअरचा, चांगला. माझ्यासमोर त्याने टेस्टचं बटण दाबलं. खटकन खाली पडला. तो खूश. मी पिशवीतून 15 वॅटचा बल्ब काढला, होल्डरच्या दोन वायरींपैकी एक फेजला आणि दुसरी त्या हिरव्या वायरीला लावली. नीट अर्थिंग असतं तर बल्बमधून 60-65 मिलिअँपिअर गेले असते आणि आरसीसीबी बल्ब पेटायच्या आतच पडला असता. इथे तो पडला नाही, बल्बही पेटला नाही. फेजऐवजी न्यूट्रलला लावून बघितलं, तरी तेच.

“करंटच नाय तर शॉक खंयसून लागतलो?” पुतण्या.

प्रश्न चुकीचा नव्हता, अर्धा होता. टेस्टचं बटण आरसीसीबीच्या पोटातलीच एक छोटी वाट वापरतं, बाहेरच्या अर्थिंगशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि हवेतल्या वायरींवर पहिला बिघाड झाला, तर खरंच काही होत नाही. गिझरचं एलिमेंट फुटून टाकीला फेज चिकटतो, पाणी तापत राहतं, कुणाला कळत नाही. मग महिन्याभराने खाऱ्या हवेने पाण्याच्या पंपाची किंवा डेकवरच्या दिव्याची न्यूट्रल वायर कळकते आणि दुसऱ्या एखाद्या पत्र्याला लागते. आता नळाला हात लावून ओल्या पायाने उभा असलेला माणूस त्या दोघांच्या मधली वाट होऊ शकतो. दोन्ही बिघाड हिरव्या वायरीच्या दोन टोकांना झाले, तर एमसीबी तरी पडेल. पण ज्या पत्र्याला हिरवी वायर पोचलीच नाही तिथे तोही पडणार नाही. एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 30 मिलिअँपिअरला ढुंकूनही बघत नाही.

जहाजावर आम्हीही न्यूट्रल अर्थ न करताच चालवायचो. 440 व्होल्ट, तिन्ही फेज मोकळे. का, तर समुद्रात एका बिघाडाने सुकाणूची मोटर बंद पडता कामा नये. पण म्हणून मुख्य पॅनेलवर तीन दिवे असतात. तिन्ही सारखे पेटलेले असले की सगळं ठीक. एक मंदावला आणि दोन उजळले की कुठेतरी एक फेज जहाजाच्या लोखंडाला लागलाय. मग आमची फेरी सुरू. एकेक ब्रेकर बंद करायचा, दिव्यांकडे बघायचं. दहापैकी सहा वेळा भटारखान्यातलं पाणी तापवायचं यंत्र सापडायचं, एलिमेंटमध्ये ओल. पहिला बिघाड दिसण्याची सोय होती, आणि तो शोधायला माणूस ठेवलेला होता. शिवाय जहाजाचं अंगच पोलादाचं, सगळी उपकरणं त्याच एका लोखंडाला धरून. फायबरच्या बोटीला ना पोलाद, ना तीन दिवे, ना मी.

तेव्हा बोटीवर उलटं करायला हवं. एक तांब्याची पट्टी, तिला गिझरचे पत्रे, पंप, इंजिन, धातूचे नळ सगळे हिरव्या वायरीने बांधायचे. बोट इन्व्हर्टरवर किंवा जनरेटरवर असेल तेव्हा त्याचा न्यूट्रल त्या पट्टीला जोडलेला हवा, आणि धक्क्यावरची केबल लावली की तो जोड आपोआप सुटायला हवा. यासाठी चेंजओव्हर मिळतात. (काही स्वस्त इन्व्हर्टरचा न्यूट्रल असा बांधला तर इन्व्हर्टरच जळतो, म्हणून इन्व्हर्टरच्या कंपनीला विचारल्याशिवाय हात लावू नका.) त्यानंतर आरसीसीबी. स्विच दोन्ही वायरी तोडणारा, कारण धक्क्यावरच्या सॉकेटमध्ये फेज उजवीकडेच असेल याची खात्री नाही. हे सगळं एका दिवसाचं काम आहे.

धक्क्यावर केबल लावली की सळीचं दुसरं रूप दिसतं. तिथला न्यूट्रल जमिनीला बांधलेला, म्हणजे गिझरमध्ये गळती झाली तर करंट सळीतून पाण्यात उतरतो आणि पाण्यातून जमिनीकडे जातो. वाटेत आरसीसीबी नसेल, नुसता एमसीबी असेल, तर तो तसाच वाहत राहतो. खाऱ्या पाण्यात पोहणाऱ्याला त्यातल्या त्यात धोका कमी, कारण खारं पाणी माणसाच्या अंगापेक्षा चांगलं वाहक, करंट अंगाला वळसा घालून जातो. गोड्या पाण्यात उलट होतं, अंग हीच सोपी वाट. पावसाळ्यानंतर खाडीच्या वरच्या अंगाला पाणी किती गोडं असतं, ते इथल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. आणि बोटीशेजारी पोरं उड्या मारतात तो हंगामही तेव्हापासूनच सुरू होतो.

दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली ती खाली बसल्यावर. गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाला जो पितळी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या छोट्या नळीला प्लास्टिकचं बूच मारून वर टेप गुंडाळली होती. “थेंब पडत होते, गादी भिजली,” हे कारण. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर नेलं की ते साधारण 200 मिलिलिटर फुगतं. एक पेलाभर. काही घरांत हा पेला निमूट गच्चीवरच्या टाकीकडे मागे सरकतो. बोटीवर टाकी तळात, पाणी पंपाने वर येतं आणि पंपात उलट न जाऊ देणारी झडप असते. पेल्याला जायला जागा नाही. म्हणून तो थेंब. तो गळणं म्हणजे गिझर नीट चालला आहे. बूच मारलं आणि त्याच दिवशी थर्मोस्टॅट चिकटला, तर पुढे काय होतं ते लिहायची माझी इच्छा नाही. नळी लावून थेंब बाहेर काढा, इतकंच.

भिंतीवर उंच टांगलेला भरलेला गिझर पंचवीसेक किलोचा. बोट डुलते तसा तो दोन स्क्रूंवर डुलतो. खाली, जमिनीलगत, आरपार बोल्टने आणि पट्ट्याने बांधायचा. वायर बारीक तारांची, टोकाला लग दाबून. पिळून टेप मारलेला जोड इंजिनाच्या थरथरीला एक हंगामही टिकत नाही. आणि मे महिन्यात टाक्या रिकाम्या करून बोट वर ओढली, की सप्टेंबरात पहिल्यांदा पाणी नळाला आल्याशिवाय बटण दाबू नये. हे मी एकदा स्वतः विसरलो आहे. एलिमेंट मिनिटभरात गेलं आणि पुतण्याने ते आख्ख्या वाडीला सांगितलं.

एवढी यादी ऐकून पुतण्या वैतागला. “मगे गॅस गिझर लावया?” नाही म्हणजे नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने गेलेल्यांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. बोटीवर त्यात भर म्हणजे सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला तर बोटीच्या तळात साचतो, आणि तिथेच बॅटऱ्या आणि पंप.

तसाही त्याचा विजेचा हिशोब जुळत नव्हता. 2000 वॅटचा गिझर 24 व्होल्टच्या बॅटऱ्यांमधून 90 अँपिअरहून जास्त ओढतो. एकदा टाकी तापायला 18-20 मिनिटं, त्यात थंड मिसळून दोन बादल्या. 150 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या असं दोनदा करतात, मग मान टाकतात. त्याचं इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात मात्र डिझेलची जवळजवळ एक तृतीयांश उष्णता फुकट वाया जाते. ते पाणी टाकीतल्या नागमोडी नळीतून फिरवलं, की वीज न जाळता अंघोळीचं पाणी तयार. जहाजांवर अशा टाकीला आम्ही कॅलोरिफायर म्हणायचो. फक्त इंजिन खाडीच्या पाण्याने थेट थंड होणारं नको, बंद गोड्या पाण्याचं हवं. आणि पाणी 80 अंशांपर्यंत चढतं म्हणून नळाआधी थंड मिसळणारी झडप सक्तीची.

आता तपासणीचं. अशा बोटींसाठीचा 1917 चा कायदा जाऊन 2021 मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा आला. त्यात बोटींची नोंदणी आहे, सर्व्हे आहे. पुतण्याची बोट तपासायला जे आले होते, त्यांनी लाइफ जॅकेट मोजली, अग्निशामकाची तारीख वाचली, माझ्यासमोर. चांगलं केलं. गिझर कुणी उघडला नाही. माझी मागणी फार मोठी नाही. ज्या बोटीवर पाहुणे झोपतात आणि अंघोळ करतात, तिच्या विजेची वर्षातून एकदा मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून तपासणी व्हावी, आरसीसीबी बटणाने नव्हे तर खरी गळती देऊन पाडून बघावा, आणि त्याचा तारखेचा कागद अग्निशामकाच्या चिठ्ठीसारखा गिझरशेजारी चिकटवावा. पर्यटकांनीही ‘गरम पाणी आहे ना’ बरोबर ‘कागद आहे ना’ विचारावं. मालक पहिल्यांदा हसेल, दुसऱ्यांदा वायरमनला फोन करेल.

तोवर माझ्या आईचा नियम पाळा. पाणी तापलं की बटण बंद, मग अंघोळ. घरी आम्ही तिला हसायचो.

सळी मी त्याच दिवशी वर ओढली. तिच्यावर खाडीचं शेवाळ बसलं होतं. एका गिझरच्या जागी आता कॅलोरिफायर आहे, दुसऱ्याला पट्टी, चेंजओव्हर आणि एक किलोवॅटचं एलिमेंट. परवा पुण्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. पुतण्या म्हणाला, “आहे ना गरम पाणी. संध्याकाळी बोट फिरून आली की भरपूर. सकाळी सहाला हवं असेल, तर रात्रीच सांगून ठेवा.”