सेनानीचा अप्रिय सल्ला

रणांगणावर छातीवर गोळी झेलणाऱ्या वीराचा गौरव करण्यास आपला समाज सहसा कचरत नाही. परंतु नकाशासमोर उभे राहून सत्ताधाऱ्यांना न रुचणारे सत्य सांगणाऱ्या सेनानीचे मोल ओळखण्यासाठी मात्र आपल्याला पराभवाची वाट पाहावी लागते. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांचे चरित्र याची साक्ष देते.

१९०६ साली कोल्हापूर संस्थानातील वडगावी जन्मलेला हा मराठा तरुण सँडहर्स्ट येथे शिकून १९२६ साली सैन्यात अधिकारी झाला. भारतीय अधिकाऱ्याच्या हाती मोठे पथक देण्यास गोरे राज्यकर्ते तेव्हा नाखूष असत. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगाव येथे या अविश्वासास परस्पर उत्तर मिळाले. ५१ व्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नेतृत्व तिघा भारतीयांकडे होते: पंजाब रेजिमेंटच्या पलटणीचे थोरात, हैदराबाद रेजिमेंटच्या पलटणीचे थिमय्या आणि बलुच रेजिमेंटच्या पलटणीचे सेन. जपान्यांशी तेथे घनघोर लढाई झाली आणि तिघांनाही 'डी. एस. ओ.' हे शौर्यपदक मिळाले.

स्वातंत्र्यानंतर याच योद्ध्यावर शस्त्र न उगारण्याची कामगिरी आली. १९५३ साली कोरियात सुमारे २३ हजार युद्धकैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्यास ओलीस धरले, तेव्हा थोरात निःशस्त्र त्या संतप्त जमावात शिरले आणि गोळी न झाडता त्यांची सुटका करून घेतली. तलवार म्यानात ठेवण्याचे धैर्य तलवार उपसण्याच्या धैर्याहून उणे नसते, हे त्यांनी जगाला दाखविले.

तथापि त्यांची खरी कसोटी याहून पुढे होती. पूर्व विभागाचे सेनाप्रमुख या नात्याने ८ ऑक्टोबर १९५९ रोजी त्यांनी नेफाच्या संरक्षणाविषयी एक टिपण सेनामुख्यालयाकडे धाडले. मॅकमहोन रेषेवर चिमूटभर चौक्या पेरून चिनी आक्रमण थोपविता येणार नाही. संरक्षणाची मुख्य फळी मागे, रस्ते आणि रसद पोहोचेल तेथे हवी. आणि त्यासाठी अधिक सैन्य हवे, असा त्याचा आशय होता. मार्च १९६० मध्ये लखनौस 'लाल किल्ला' या नावाने योजिलेल्या युद्धाभ्यासात त्यांनी हाच धोका अधिकाऱ्यांसमोर मांडून दाखविला. दिल्लीत त्याची दखल घेतली गेली नाही. मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. मावळते सेनाप्रमुख थिमय्या यांचा कौल त्यांच्या बाजूने असूनही सरकारने जनरल थापर यांची निवड केली. निवड करणे हा सरकारचा अधिकार. त्याविषयी आमची तक्रार नाही.

आमचा आक्षेप आहे तो टिपण दडपले जाण्याला. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य तुटून पडले. त्याच महिन्यात तवांग गेले, नोव्हेंबरात बोमदिला पडले. थोरातांनी वर्तविलेला धोका अक्षरशः पुढे उभा राहिला. त्यानंतर पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीस पाचारण केले. हे टिपण पंतप्रधानांच्या दृष्टीस तोवर पडलेच नव्हते, असे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. राष्ट्रीय संरक्षण मंडळावर त्यांची नेमणूक झाली, पण तोवर हिमालयाच्या उतारावर आमच्या जवानांचे रक्त सांडून चुकले होते.

त्यांचा सल्ला मानला असता तर पराभव टळलाच असता, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. डोंगरातले रस्ते काही हुकमाने एका रात्रीत होत नाहीत. सैन्याने लोकनियुक्त सरकारच्या आज्ञेत राहावे, याविषयीही आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. थोरात तसेच राहिले. सल्ला अव्हेरला गेला म्हणून त्यांनी बंडाची भाषा केली नाही. निवृत्तीनंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद भूषवून ते सेवाच करीत राहिले. परंतु आज्ञापालन हे सैनिकाचे कर्तव्य असेल, तर ऐकून घेणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य नव्हे काय? सल्ला नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे. तो न वाचता गाडून टाकण्याचा नाही.

हा प्रश्न इतिहासापुरता नाही. बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्रातून तयार होऊन गेलेल्या जवानांची घरे आमच्या मुलखात गावोगाव आहेत. दिल्लीतला दुर्लक्षित कागद अखेर तारेच्या रूपाने कोणाच्या उंबऱ्यावर येत असे, हे या घरांना कोणी शिकवावयास नको. म्हणूनच आमची मागणी आहे: ज्याच्या शब्दावर जवान प्राण देतात, त्या सेनानीचा प्रतिकूल अभिप्राय देशाच्या सर्वोच्च नेत्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे, आणि तो अव्हेरावयाचा असेल, तर कारणे लेखी नमूद करून, जबाबदारी स्वीकारूनच अव्हेरला पाहिजे. १९९२ साली दिवंगत झालेल्या या सेनानीचे स्मारक उभारावयाचे असेल, तर पाषाणाच्या पुतळ्याहून हा दंडक अधिक शोभेल.