आजोबांच्या ट्रंकेतलं रेझर

बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या ट्रंकांत आजोबांचं सेफ्टी रेझर अजून सापडतं. किंग जिलेटला त्याचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. आजोबांच्या काळातल्या बहुतेक रेझरांत आजचं दुधारी ब्लेडही बसतं.

छंद म्हणून प्रयोग करायचा, तर एका वेळी एकच गोष्ट बदला. रेझर, ब्रश, साबण तेच ठेवा. टोपाझ, सुपरमॅक्स, सेव्हन ओ'क्लॉक आठवडा-आठवडा लावून बघा. कोन साधारण ३० अंश, जोर अजिबात नाही, शेवटी तुरटी. सगळ्यांत धारदार ब्लेड आपल्या गालाला मानवेलच असं नाही, हे तेव्हा कळतं.

वापरलेलं ब्लेड मात्र कचऱ्यात टाकू नका. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला चीर पाडून त्यात साठवा. आपल्या हौसेपायी कचरा उचलणाऱ्याचा हात कापायला नको.