गरोदर सुनेच्या अहवालातील एक ओळ

घरातील सून किंवा लेक गरोदर राहिली, की पहिल्या तपासणीत तिच्या रक्ताचा नमुना घेतला जातो. हिमोग्लोबिन किती, रक्तगट कोणता, सिकलसेल आहे का, हे आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील आजीबाईही आता विचारतात. त्याच कागदावर ‘एचबीएसएजी’ अशी एक ओळ असते. ती मात्र सहसा कोणी विचारत नाही. हिपॅटायटिस बी, म्हणजे ब प्रकारच्या काविळीचा विषाणू, रक्तात आहे की नाही, हे ती ओळ सांगते.

हा विषाणू दुर्मीळ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात तो कायमचा वस्तीला होता. त्यांपैकी जवळजवळ ३ कोटी आपल्या देशातील. गरोदर स्त्रियांपुरते बोलायचे, तर पश्चिम युरोपात शंभरात एकीलाही तो क्वचित आढळतो. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत काही ठिकाणी हे प्रमाण शंभरात पाच-सहा ते दहापर्यंत जाते. भारतातील रुग्णालयांच्या पाहण्यांत ते बहुधा शंभरात एक ते तीन यांच्या दरम्यान येते. एक म्हणजे फारच थोडे, असे वाटेल. परंतु आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. शंभरात एक धरली, तरी दरवर्षी दोन लाखांहून अधिक बाळंतपणे अशा मातांची होतात.

यांतील बहुतेक मातांना आपल्याला काही आहे याची कल्पनाच नसते. डोळे पिवळे झालेले नसतात, भूक उत्तम असते, शेतीची कामे चालू असतात. म्हणूनच ‘तिला कधी कावीळ झालीच नाही, मग तपासणी कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

ह्या विषाणूचा स्वभाव विचित्र आहे. प्रौढ माणसाला त्याची लागण झाली, तर शंभरातील पंचाण्णव जण काही महिन्यांत त्याला शरीराबाहेर घालवतात. नवजात बाळाला लागण झाली, तर शंभरातील नव्वद बाळांच्या शरीरात तो जन्मभर राहतो. बाळाची रोगप्रतिकारशक्ती त्याला शत्रू म्हणून ओळखतच नाही. बाळ हसते, खेळते, शाळेत जाते. आणि चाळिशी-पन्नाशीत यकृत आकसल्याचे किंवा यकृताच्या कर्करोगाचे निदान होते. ही लागण बहुधा प्रसूतीच्या वेळी, आईच्या रक्ताच्या संपर्कातून होते.

इथे एका नाजूक गोष्टीविषयी स्पष्ट लिहितो. अहवाल पॉझिटिव्ह आला, की आलापल्लीच्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : “डॉक्टरसाहेब, हे तिनं माहेराहूनच आणलं काय?” मी म्हणतो, “मावशी, आणलं असेलही. पण जन्माच्या दिवशी आणलं असेल. त्यात तिचा काय दोष? आणि तुमच्या घरात हा विषाणू नाही, हे तुम्ही कशावरून सांगता? तुमची तपासणी कधी झाली?” आपल्या देशात ही लस २००२ च्या सुमारास काही भागांत सुरू झाली आणि राष्ट्रीय लसीकरणात सर्वत्र पोहोचायला २०११ उजाडले. आजच्या बहुतेक गरोदर स्त्रिया जन्मल्या, तेव्हा त्यांच्यासाठी ही लस नव्हतीच. सुनेच्या चारित्र्याविषयी कुजबुज करणाऱ्यांना घरातील वडीलधाऱ्यांनीच गप्प करावे, अशी माझी विनंती आहे. तिचे ताट-वाटी वेगळे काढण्याचेही कारण नाही. एकत्र जेवल्याने किंवा बाळाला कुशीत घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. बाळाला लस मिळाली असेल, तर आईने अंगावर निःशंकपणे पाजावे.

आता मुख्य मुद्दा, वेळेचा. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मापासून चोवीस तासांच्या आत मांडीत टोचली पाहिजे. आई पॉझिटिव्ह असेल, तर जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही, शक्यतो पहिल्या बारा तासांत, दुसऱ्या मांडीत द्यावे लागते. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस चुकवायचे नाहीत. एवढे वेळेवर झाले, तर धोक्यातील शंभर बाळांपैकी नव्वदच्या आसपास सुरक्षित राहतात. आईच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार असेल, तर सातव्या महिन्यापासून तिला टेनोफोव्हिरच्या गोळ्या देतात, त्याने उरलेला धोकाही बराच घटतो. तैवानने १९८४ पासून बाळांना ही लस देण्यास आरंभ केला. तेथे शंभरात दहा मुलांमध्ये आढळणारा हा विषाणू पुढच्या पिढीत शंभरात एकाहून खाली आला आणि लहान मुलांतील यकृताचा कर्करोगही घटला.

पण चोवीस तास म्हणजे चोवीस तास. ‘पाचवी होऊ द्या, मग बाळाला बाहेर काढू’ असे म्हणून चालत नाही. उशीर झाला तरी लस द्यावीच, मात्र आईकडून आलेला विषाणू अडवण्याची तिची ताकद दर दिवसाने कमी होते. इम्युनोग्लोब्युलिन तर प्रत्येक उपकेंद्रात नसते. आलापल्लीहून भामरागडकडे जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर जावे लागते आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला, की तिकडचा संपर्क तुटतो. अशा गावात कळा सुरू झाल्यावर गाडी शोधणे म्हणजे वेळ गमावणे होय. गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहे. तारखेच्या काही दिवस आधी गरोदर बाईने तेथे येऊन राहावे, यासाठीच ते बांधले आहे. सातव्या महिन्यातच आशाताईंना विचारून ठेवावे, की इंजेक्शन कोठे मिळेल आणि कोण आणून ठेवील. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. माता-बाल संरक्षण कार्डावर आईचा निकाल ठळक लिहून घ्यावा. प्रसूती मध्यरात्री झाली, तर त्या वेळी कामावर असलेल्या परिचारिकेला तोच कागद उपयोगी पडतो.

आणि सुनेचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तपासणी घरातील सर्वांची व्हावी. मुलाची, आधीच्या नातवंडांची आणि आपलीही. साठी उलटलेल्या माणसाला याची गरज अधिक आहे. कर्करोगाची औषधे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड सुरू झाली, की झोपलेला हा विषाणू उसळतो, तेव्हा उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना एचबीएसएजीविषयी विचारावे. साखर तपासण्याची सुई आजोबा-आजींनी एकमेकांची वापरू नये, दाढीचे पातेही नाही. तपासणी निगेटिव्ह आली, तर प्रौढांनाही लस घेता येते : पहिला डोस लगेच, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात.